चौकटीबाहेरचा ऊस

मराठीत सिनेमाचा कॅमेरा हाताळणाऱ्याला 'छायालेखक' म्हणत असत. आता हा शब्द मागे पडला असून 'सिनेमॅटोग्राफर' रूढ झाला आहे. पण जुन्या शब्दात एक दावा होता : कॅमेरा हाताळणारा नुसते टिपत नाही, तो लिहितो. हा दावा मान्य असेल, तर लेखकाला आपण जे प्रश्न विचारतो ते छायालेखकालाही विचारले पाहिजेत. कोणाच्या वतीने लिहिले? कोणाला बोलू दिले? काय गाळले? कथा-कादंबरीच्या तासाला हे प्रश्न सर्रास विचारले जातात. सिनेमाची पाळी आली की मात्र आपली समीक्षा 'काय सुंदर फ्रेम आहे!' ह्या उद्गारापाशी थबकते, आणि त्या फ्रेमला एखादा परदेशी पुरस्कार मिळालेला असेल तर तेथेच संपते. ही सवय निरुपद्रवी नाही, असे आमचे म्हणणे आहे. ते सिद्ध करण्यासाठी आम्ही एका स्वीडिश छायालेखकाची कारकीर्द आणि जुन्नर-आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातील दोन तालुके एकत्र वाचणार आहोत. जोडी विचित्र वाटेल. पण त्या दोहोंच्या मधोमध एक बिबट्या बसलेला आहे.

स्वीडिश छायालेखक म्हटले की आपल्याकडच्या फिल्म सोसायटीत वाढलेल्या रसिकाला इंगमार बर्गमनचा सहकारी स्वेन निक्विस्ट आठवतो. 'क्राइज अँड व्हिस्पर्स' आणि 'फॅनी अँड अलेक्झांडर' ह्या दोन चित्रपटांसाठी त्याला छायालेखनाचे ऑस्कर मिळाले. मात्र त्याच्या आधी स्वीडनला पहिले ऑस्कर मिळवून देणारा माणूस दुसराच होता : आर्ने सुक्सडॉर्फ. जन्म १९१७, स्टॉकहोम. मृत्यू २००१, स्टॉकहोम. मधल्या ८४ वर्षांत त्याने स्वीडनच्या जंगलांपासून काश्मीर, बस्तर, रिओ दि जानेरो आणि ब्राझीलच्या मातु ग्रोसु प्रांतातील पाणथळ रानापर्यंत कॅमेरा नेला. आपल्या गाजलेल्या चित्रपटांचे लेखन, दिग्दर्शन, छायालेखन आणि संकलन बव्हंशी तो स्वतःच करी. त्यामुळे 'छायालेखक' हा शब्द त्याला जितका शोभतो तितका क्वचितच कोणाला शोभेल. आणि म्हणूनच 'मी फक्त कॅमेरा चालवला' ही पळवाटही त्याला उपलब्ध नाही.

त्याच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १९४४ चा 'त्रूत' हा लघुपट समुद्रकाठच्या पक्ष्यांच्या वसाहतीत अंडी लुटणाऱ्या कुरव पक्ष्याचा आहे; महायुद्धाच्या काळात अनेकांनी तो नाझींवरचे रूपक म्हणून पाहिला. १९४७ च्या 'मेनिस्कोर ई स्ताद' ह्या लघुपटात त्याने स्टॉकहोम शहराकडे जंगलाकडे पाहावे तसे पाहिले, आणि १९४९ साली त्याला ऑस्कर मिळाले. १९५३ चा 'देत स्तोरा एव्हेंतीरेत' म्हणजे 'महान साहस' हा त्याचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. दोन मुले एक पाणमांजर लपवून पाळतात आणि वसंत ऋतू आल्यावर ते निसटून जाते, एवढीच कथा. १९५४ च्या कान महोत्सवात ह्या चित्रपटाला पारितोषिक मिळाले. प्रकाशाची वाट पाहणारा, एका हालचालीसाठी दिवसचे दिवस थांबणारा हा कलावंत होता. आज ज्या चित्रणाला 'वाइल्डलाइफ फिल्म' म्हणतात त्याची भाषा घडवणाऱ्यांत त्याचा वाटा मोठा आहे.

पण त्या भाषेच्या व्याकरणात पहिल्यापासून एक गोम होती. पडद्यावर जे 'निसर्गात घडताना' दिसते त्यातील बरेचसे रचलेले असे. माणसाळवलेले प्राणी, जमवून आणलेल्या गाठी, आणि मग संकलनाच्या टेबलावर निर्माण केलेला योगायोग. ह्याला आम्ही फसवणूक म्हणत नाही. कथा सांगणारा रचना करणारच. 'महान साहस'मधील विसंगती मात्र नजरेआड करता येत नाही. रानातला जीव कोंडून ठेवता येत नाही हे शिकवणारा हा चित्रपट बनला तो हाताशी ठेवलेल्या जिवांच्या बळावर. चित्रपटातील मुलांना जो धडा मिळाला तो छायालेखकाने मात्र स्वतःला लागू केला नाही. ही गोम पाणमांजरापुरती असेपर्यंत खपून गेली. माणसांपाशी आल्यावर तिचे स्वरूप पालटले.

ती माणसे होती बस्तरची. सुक्सडॉर्फ भारतात पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीसच आला होता. 'इंदिस्क बी' म्हणजे 'भारतीय खेडे' आणि काश्मीरमधील 'वारा आणि नदी' हे त्याचे लघुपट १९५१ चे. पुढे तो बस्तरच्या मुरिया गोंडांमध्ये गेला आणि त्यातून १९५७ साली 'एन युंगेलसागा', म्हणजे 'एक जंगलकथा', हा रंगीत, रुंद पडद्याचा चित्रपट तयार झाला. इंग्रजीत त्याला 'द फ्ल्यूट अँड द ॲरो' असे नाव मिळाले. संगीत रविशंकरांचे. १९५८ च्या कान महोत्सवात तो स्पर्धेत दाखवला गेला. कथेच्या केंद्रस्थानी बिबट्या आहे : गावाला धास्तावून सोडणारा बिबट्या, त्याला सामोरा जाणारा शिकारी गिंजो, आणि वाघाच्या बछड्यांशी खेळणारा चेंदरू नावाचा मुलगा. चेंदरू नारायणपूरजवळच्या गढबेंगालचा. सुक्सडॉर्फची तेव्हाची पत्नी ॲस्ट्रिड बर्गमन सुक्सडॉर्फ हिने चेंदरू आणि वाघ ह्यांच्या छायाचित्रांचे मुलांसाठी पुस्तक केले. ते १९५९ साली निघाले आणि पुढे अन्य भाषांतही गेले. चेंदरूला स्वीडनलाही नेण्यात आले. मग तो परत आला.

परत आल्यानंतरचे त्याचे आयुष्य सांगायला फार शब्द लागत नाहीत, आणि आमच्या मते आक्षेपार्ह आहे ते हेच. तो गावी राहिला, गरिबीत राहिला, म्हातारा झाला आणि सप्टेंबर २०१३ मध्ये वारला. अधूनमधून कोणी पत्रकार त्याला शोधत गढबेंगालला जात. त्यांना हवा असे तो वाघासोबतचा मुलगा. पन्नाशी-साठीच्या माणसाला त्याच्या दहाव्या वर्षाविषयी विचारून ते परत जात. मृत्युलेखही त्या मुलाचेच निघाले. चौकटीत शिरण्यापूर्वीचा आणि चौकटीतून बाहेर पडल्यानंतरचा चेंदरू मांडवी कोणालाच नको होता.

आता कोणी म्हणेल की चेंदरूच्या दारिद्र्याला सुक्सडॉर्फ जबाबदार कसा? बस्तरमधील असंख्य मुरिया माणसे कॅमेऱ्यासमोर न येताही गरीबच राहिली. आक्षेप रास्त आहे आणि आमचे म्हणणे तसे नाहीच. सुक्सडॉर्फने चेंदरूला गरीब केले नाही. त्याने त्याला कालातीत केले. साहित्याच्या विद्यार्थ्याने ह्या दोन क्रियापदांतील फरक ओळखावा. चित्रपटातील बस्तर काळाबाहेर आहे : तेथे झाड, बाण, ढोल, श्वापद आणि भय एवढेच आहे. पण चित्रपट प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, पूर्व बंगालातील निर्वासितांच्या वसाहतींसाठी दंडकारण्य प्रकल्प उभा राहिला. १९६६ साली जगदलपूरच्या राजवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात बस्तरचे महाराज प्रवीरचंद्र भंजदेव आणि त्यांच्यासोबतचे आदिवासी मारले गेले. त्याच दशकाच्या अखेरीस बैलाडिलाच्या डोंगरातून लोखंडाचे खनिज निघू लागले. हा इतिहास बस्तरच्या दारात उभा होता. कॅमेऱ्याने नेमकी त्याच्याकडे पाठ केली आणि मग जे उरले त्याला 'आदिम' म्हटले. कथा सांगणारा आवाजही मुरियांचा नव्हता. स्वीडिश प्रेक्षकासाठी स्वीडिश निवेदक, इंग्रजी प्रेक्षकासाठी इंग्रजी. श्रेयनामावलीत माणसांची नावे आली खरी, पण वाक्ये आली नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक जुना आणि मराठी समीक्षेत अधिक रुळलेला : कलावंताला कलाकृतीपलीकडचे विचारू नये. हा आक्षेप आमच्यापुरता निकालात निघतो, कारण आम्ही कलाकृतीपलीकडचे काही विचारतच नाही. चौकट कोठे संपते हा कलाकृतीच्या आतला प्रश्न आहे. कादंबरीत निवेदक कोण, हे विचारणे जर रूपाचा विचार असेल, तर पडद्याच्या कडेला काय कापले हे विचारणेही रूपाचाच विचार आहे. सौंदर्यवादी समीक्षकाला ते नैतिक उपदेशासारखे वाटते, ह्याचे कारण एवढेच की पडद्याच्या कडेकडे पाहण्याची सवय त्याने लावून घेतलेली नाही.

येथवर वाचून जुन्नर, नारायणगाव, मंचर किंवा घोडेगावच्या महाविद्यालयात मराठी शिकणारा किंवा शिकवणारा वाचक म्हणेल की हे सारे ठीक, पण सत्तर वर्षांपूर्वीच्या स्वीडिश चित्रपटाशी आमचा काय संबंध? संबंध असा की ती जंगलकथा संपलेली नाही. ती आपल्याच तालुक्यांत, आपल्याच कॅमेऱ्यांनी रोज चित्रित होत आहे. आणि फरक असलाच तर तो सुक्सडॉर्फच्या बाजूने आहे, कारण त्याच्यापाशी निदान थांबण्याची तयारी होती.

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. येथील बिबट्याची गोष्ट जंगलाची नाही, पाण्याची आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पातील धरणे झाली, कालवे निघाले आणि पूर्वेकडचे माळ बागायत झाले. बागायतीत ऊस आला. उसाला जुन्नरात विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने मिळाले. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. उंच, दाट, थंड, पाण्याजवळ. आत कोणी फिरकत नाही. कडेला वस्ती, वस्तीवर कुत्री, कोंबड्या, शेळ्या, वासरे. मादीला पिले घालायला ह्याहून सुरक्षित जागा कोठली? बिबट्याची मादी सुमारे तीन महिन्यांत विते. म्हणजे एकाच उसाच्या आयुष्यात पिले जन्मतात आणि हिंडू-फिरू लागतात. मग गळीत हंगाम सुरू होतो, कोयता चालू लागतो, आणि पाचटात मांजराएवढी पिले सापडल्याची बातमी येते. ह्या जनावराने डोळे उघडले ते उसात. त्याचे घर ऊस आहे.

आणि तरीही प्रत्येक वर्तमानपत्र, प्रत्येक वाहिनी आणि कितीतरी निबंध त्याचे वर्णन एकाच वाक्याने करतात : जंगल तुटले म्हणून बिबट्या गावात आला. वाक्य ऐकायला करुण आहे आणि बोलणाऱ्याला सुखावणारे आहे. त्यात बिबट्या निर्वासित ठरतो, माणूस आक्रमक ठरतो आणि ऊस नाहीसा होतो. हे वाक्य म्हणजे 'एक जंगलकथा'चीच चौकट आहे. त्यात श्वापदाची जागा जंगलात आहे. ते अन्यत्र दिसले तर ती चूक आहे आणि ती दुरुस्त करायची आहे.

ती दुरुस्त करण्याचा प्रयत्न खरोखरच झाला. २००१ नंतर जुन्नर परिसरात हल्ले वाढू लागल्यावर ठिकठिकाणी पिंजरे लागले आणि धरलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले. प्राणी जंगलाचा, म्हणून जंगलात सोडा, ह्याहून तर्कशुद्ध काय असणार? विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या मोहिमेचा अभ्यास करून २०११ साली 'कॉन्झर्वेशन बायॉलॉजी' ह्या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. २९ बिबटे सरासरी चाळीस किलोमीटर अंतरावर नेऊन सोडले होते. मोहिमेपूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहिमेच्या काळात, २००१ ते २००३ मध्ये, ते सरासरी १७ झाले. त्यांतील जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही दुपटीच्या घरात गेले. आपली हद्द, आपले पाणी, आपला ऊस ठाऊक असलेले जनावर अनोळखी मुलुखात सोडले की ते भेदरते, भटकते आणि माणसाच्या वाटेत येते.

ह्या अभ्यासाचा निष्कर्ष वनखात्याच्या अधिकाऱ्यांसाठी आहे असे समजून साहित्याच्या लोकांनी तो बाजूला ठेवू नये. त्यातून निघणारा धडा थेट आपल्या विषयातला आहे. बिबट्या जंगलाचा, ही प्रतिमा आधी तयार झाली. धोरण मागाहून आले. ती प्रतिमा कथांनी, कॅलेंडरांनी, पाठ्यपुस्तकांनी आणि सुक्सडॉर्फच्या परंपरेतील सुंदर, पुरस्कारप्राप्त चित्रपटांनी आपल्या मनात रुजवली. त्या प्रतिमेवर विसंबून पिंजऱ्यांच्या गाड्या हलल्या आणि त्या प्रतिमेची किंमत माणसांनी जिवाने मोजली. 'काय सुंदर फ्रेम आहे!' हा उद्गार निरुपद्रवी नाही असे आम्ही सुरुवातीला म्हटले, ते ह्या अर्थाने.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आत तीन बळी गेले. एक पाच वर्षांची मुलगी, एक वृद्धा आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. लोकांचा संयम सुटला. मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला. अखेर एका बिबट्याला गोळी घातली गेली. ह्या काळात देशभर पोहोचलेली प्रतिमा कोणती? गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात काम करणाऱ्या बायका. मेंढपाळाच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो तसा पट्टा, बाईच्या गळ्यात. छायाचित्र विलक्षण होते ह्यात वाद नाही. पण ते पाहून बातमीदार परतले, आणि जे विचारायचे ते विचारायचे राहिले : ही बाई कोणाच्या रानात, किती मजुरीवर, कोणत्या वेळी काम करते आहे? ज्या घरातले मूल गेले त्याला दार आहे का, अंगणात दिवा आहे का, शौचालय आहे का? शेतीपंपाला वीज रात्री मिळत असेल तर दारे धरायला अंधारात कोण जातो? उसाला टेकून कोप्या कोणी बांधल्या आहेत आणि मेंढरांसोबत उघड्यावर कोण निजतो? ह्या प्रश्नांची उत्तरे देणारे चित्र काढता येते. पण ते चित्र 'विलक्षण' होणार नाही, आणि त्यात ऊस मावल्यावाचून राहणार नाही. ऊस मावला की ह्या भागाच्या समृद्धीचा प्रश्न निघतो, आणि तो कोणालाच नको असतो.

पश्चिमेकडचा, महादेव कोळी आणि ठाकर समाजांचा डोंगराळ भागही असाच चौकटीबाहेर राहिला आहे. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने नाव दिले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. पूर्वेचा ऊस पश्चिमेच्या पाण्यावर पोसला, हे वाक्य बिबट्याच्या कोणत्याही बातमीत येत नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेच्या वर माणसे गेली, तेव्हा साऱ्या वाहिन्यांचे कॅमेरे तेथे होते. आदल्या दिवशी एकही नव्हता. एरवी ह्या खोऱ्यांत कॅमेरा येतो तो पावसाळ्यात धबधब्यासाठी. धबधबा आणि दरड, ह्यांच्या मधला उरलेला काळ म्हणजेच तेथील माणसांचे आयुष्य आहे. चेंदरूच्या उरलेल्या आयुष्याप्रमाणे त्यालाही चौकट मिळालेली नाही.

येथे मराठी साहित्यानेही आपला हिशोब मांडायला हवा. आपल्याकडे जंगलाचे लेखन आहे, आणि ते उत्तम आहे. व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली ह्यांनी प्राण्यांकडे पाहण्याची नजर दिली. पण ते जंगल नागझिऱ्याचे, नवेगावचे, म्हणजे विदर्भाचे आहे. तेथे श्वापद श्वापदाच्या जागी आहे. दुसरीकडे आपले ग्रामीण साहित्य आहे. त्यात शेत आहे, बैल आहे, पाटपाणी आहे, साखर कारखान्याचे राजकारणही आहे. म्हणजे ज्या साहित्यात बिबट्या आहे त्यात ऊस नाही आणि ज्यात ऊस आहे त्यात बिबट्या जवळपास नाही. दोन अभ्यासपत्रिका वेगळ्या, दोन चर्चासत्रे वेगळी. पंचवीस वर्षे ज्या वास्तवात जुन्नर-आंबेगावची माणसे जगत आहेत ते ह्या दोन कप्प्यांच्या मधल्या फटीत पडले आहे. 'निसर्गलेखन' आणि 'ग्रामीण साहित्य' ही वर्गवारी अध्यापनाची सोय म्हणून केली होती. आता तिची भिंत झाली आहे.

ह्या मुलुखाकडे वाघाला सामावून घेणारी दुसरी नजर नव्हती असेही नाही. येथे गावात बिबट्यालाही वाघच म्हणतात. आदिवासी पट्ट्यात वाघोबाचे ठाणे असते आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळली जाते. वाघोबा गावाच्या शिवेवर बसतो, जंगलाच्या गाभ्यात नव्हे. त्याला मान द्यायचा, त्याच्याकडे रक्षण मागायचे आणि त्याच्यापासून अंतर राखायचे, असा तो व्यवहार आहे. ह्या श्रद्धेचा आम्ही गौरव करू इच्छित नाही. दरसाल वाघबारस पाळल्याने कोणाचे मूल वाचेल असे आम्ही म्हणत नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. वाघोबाच्या दगडात वाघ आणि माणूस एकाच चौकटीत आहेत, आणि शीवही त्याच चौकटीत आहे. पुरस्कारविजेत्या छायालेखकाला जे साधले नाही ते ह्या अनामिक पाथरवटांना साधले, कारण त्यांना परत जायचे नव्हते.

जुन्नरपासून थोड्या अंतरावर नाणेघाट आहे. तेथील लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. मूर्ती नष्ट झाल्या, पावलांचे अवशेष तेवढे उरले. परंतु प्रत्येकीच्या डोक्यावर नाव कोरलेले होते, ते टिकले. म्हणून दोन हजार वर्षांनीही येथे सिमुक होता, येथे नागनिका होती, असे आपण सांगू शकतो. आपल्या काळात उलटे घडते आहे. प्रतिमा लखलखीत राहतात, कोट्यवधी वेळा पाहिल्या जातात, आणि त्यांतील माणसांविषयी दोन वाक्ये कोणाला सांगता येत नाहीत. राजांना शिलालेख मिळाले आणि ऊसतोड मजुराच्या मुलीला मिळाले नाहीत, ह्यात नवल नाही. नवल ह्याचे आहे की प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असण्याच्या दिवसांतही हा भेद तसाच आहे.

सुक्सडॉर्फच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यातून आमचा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १९६१ नंतर स्वीडनमधील त्याची कारकीर्द विझत गेली आणि तो ब्राझीलला गेला. रिओमध्ये त्याने तरुणांना चित्रपटकला शिकवली. ब्राझीलमधील नव्या सिनेमाच्या काही दिग्दर्शकांना तिचा उपयोग झाला. १९६५ साली त्याने कोपाकबानाच्या रस्त्यांवर राहणाऱ्या बेघर मुलांवर चित्रपट केला. त्यात शहर आहे, पोलीस आहेत, भूक आहे. ही मुले कालातीत नाहीत. नंतर तो मातु ग्रोसुच्या रानात राहायलाच गेला आणि तेथील निसर्गाच्या नाशाविरुद्ध बोलत राहिला. पाहुणा म्हणून गेलेला छायालेखक आणि रहिवासी झालेला छायालेखक ह्यांच्या चौकटी वेगळ्या असतात, हे त्याच्याच कारकिर्दीने दाखवून दिले. पुरस्कार मात्र बहुतेक पहिल्याला मिळाले. पुरस्कार हा गुणवत्तेचा पुरावा मानणाऱ्यांनी ह्यावर विचार करावा.

थोडक्यात, आमची मागणी मोठी नाही. मराठीच्या वर्गात चित्रपट दाखवला जातो तेव्हा कथा आणि अभिनय ह्यांच्या जोडीला, पडद्याच्या कडेपलीकडे काय राहिले ह्यावर एक तास व्हावा. बिबट्यावर निबंध, कथा, लघुपट करणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या विद्यार्थ्याने 'जंगल' हा शब्द लिहिण्यापूर्वी आपल्या शिवारात उभे राहून चारी दिशांना पाहावे आणि जे दिसते त्याचे नाव लिहावे. आणि गावात कॅमेरा आला, मग तो वाहिनीचा असो, परदेशी चमूचा असो की गावातल्याच पोराचा, तर त्याला तीन प्रश्न विचारण्याचा हक्क गावाने बजावावा : किती दिवस थांबणार? बोलणार कोण? आणि हे चित्र आम्हाला कधी दाखवणार? ज्या छायालेखकाला हे प्रश्न जाचक वाटतील त्याने धबधब्याचे चित्र काढावे. त्याला पुरस्कारही मिळेल. त्याला लेखक मात्र कोणी म्हणू नये.